तालमीच्या मातीतलं औषध

चहा आधी संपवून घ्या, मग सुरू करतो. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा एका मित्राच्या नाकातून चहा बाहेर आला होता, आणि शर्ट माझा होता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. करून नुकताच संशोधनाला लागलो होतो. वय असं की जगातले सगळे रोग आपल्यासाठीच अडून बसलेत असं वाटायचं. औषधं परदेशी कंपन्यांनी शोधायची आणि आपण नुसती गिळायची, हे मला मुळीच मान्य नव्हतं. कँटीनमध्ये मी यावर भाषणं द्यायचो. मिसळ संपेपर्यंत लोक ऐकायचे.

अशात आमच्या पाटील मॅडमनी, म्हणजे माझ्या गाइडनी, चमत्कार केला. जर्मनीतल्या एका संस्थेत अँटिबायोटिक संशोधनाचं प्रशिक्षण होतं. देशोदेशीचे तरुण संशोधक येणार होते. कुणाकुणाला फोन करून, पत्रं धाडून मॅडमनी तिथं माझी वर्णी लावली. शेवटच्या काही आठवड्यांत प्रत्येकानं आपल्या कामावर बोलायचं आणि त्यातल्या एकाला पुढं वर्षभर तिथंच ठेवून घेणार. ती एक जागा मला हवी होती. हवी कसली, मनातल्या मनात मी तिथल्या थंडीसाठी कोटसुद्धा शिवून घेतला होता.

बरीचशी अँटिबायोटिक्स मातीतल्या जंतूंपासून मिळालेली आहेत. म्हणून प्रत्येकानं आपल्या भागातल्या मातीचा अर्क काढून, तपासून, सोबत आणायचा होता. मॅडम म्हणाल्या, पन्हाळ्याला जा, जिथं माणसाचा पाय पडत नाही अशा जागा शोध, ठिकठिकाणची माती घे, घाई करू नकोस. यातलं 'माती घे' एवढंच मी ऐकलं.

पन्हाळ्याला कशाला जायचं? आमच्या शिवाजी पेठेत, घराच्या मागंच तालीम. पैलवान रोज त्या मातीत घासले जातात, कोपरं सोलतात, गुडघे फुटतात, पण कुणाची जखम चिघळल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. का चिघळत नाही? उत्तर पायाखाली होतं आणि अख्ख्या कोल्हापुरात ते फक्त मला दिसलं होतं. असं मला वाटलं.

तालमीचे वस्ताद म्हणजे आबा. त्यांच्याकडं गेलो.

"आबा, थोडी माती पाहिजे."

"कशाला रं?"

"जर्मनीला न्यायची हाय."

आबांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. त्याला फार वेळ लागला नाही. "तिकडं कुणासंगं लावलीस कुस्ती?"

"कुस्ती न्हाय ओ. औषध शोधायचंय तिच्यात."

"मग ही जुनी नको. परवा नवी माती मळणार हाय. परमुलखात जायाची म्हंजे पेठेची अब्रू हाय की. चांगली ने."

परवा गेलो. चपला बाहेर काढल्या, मातीला नमस्कार केला, पोरांबरोबर कंबर मोडेपर्यंत माती मळली आणि डबा भरून घेतला.

लॅबमध्ये ती अल्कोहोलमध्ये भिजवली, गाळली. अर्क आला पिवळाजर्द! कितीतरी अँटिबायोटिक्स पिवळी असतात, हे मला पाठ होतं. आता जंतू वाढवलेल्या प्लेटमध्ये मधोमध भोक पाडून हा अर्क घालायचा. त्यात दम असेल तर भोकाभोवती जंतू वाढत नाहीत आणि स्वच्छ वर्तुळ दिसतं. दुसऱ्या दिवशी बघतो तर बांगडीएवढं वर्तुळ. शेजारच्या नुसत्या अल्कोहोलच्या प्लेटमध्ये काही नाही.

मॅडमनी बघितलं, शेजारची प्लेटही तपासली. माती कुठली, म्हणाल्या. लाल माती मॅडम, आपल्याकडचीच, म्हटलं. पन्हाळ्याची माती लालच असते, त्यांनी मान हलवली. मीही खुलासा केला नाही. नंतर थक्क करायचं होतं ना त्यांना!

आणखी एक गोष्ट. त्या मातीतला औषध करणारा जंतू वेगळा काढायला गेलो, तर फारसं काही वाढेचना. शहाणा माणूस इथं थांबला असता. मी काय म्हटलं असेल? औषध इतकं जहाल आहे की करणाऱ्यालाही जगू देत नाही.

तुम्ही हसताय. तुम्हाला कळलंय. मला कळायला विमानानं जावं लागलं.

जर्मनीत आमच्या प्रमुख होत्या प्रोफेसर हेल्गाबाई. उंच, पांढऱ्या केसांच्या, चष्मा कायम कपाळावर. माझं वर्तुळ बघून त्यांनी तो खाली ओढला. दुपारपर्यंत दुसऱ्या विभागातली माणसं माझी प्लेट बघायला यायला लागली. शेजारच्या टेबलावर केनियाची ग्रेस होती. तिची वर्तुळं केसाएवढी बारीक. मी तिला धीर दिला, निराश होऊ नकोस म्हणून सांगितलं. तिनं नम्रपणे आभार मानले. आठवलं की अजून कान गरम होतात.

शेवटी माझ्या भाषणाचा दिवस आला. सभागृह भरलेलं. आकडे दाखवले, फोटो दाखवले, टाळ्या झाल्या. मग हेल्गाबाईंनी विचारलं, "ही माती नेमकी कुठली?"

मी याचीच वाट बघत होतो. कुस्तीच्या आखाड्याची, म्हटलं. सगळे पुढं सरकून बसले. एकानं विचारलं, म्हणजे जमीन खणून काढलेली?

झालं. कोल्हापूरच्या माणसाला तालमीबद्दल विचारायचं नसतं. मी रंगात आलो. म्हटलं, नुसती खणलेली माती ती काय माती? आधी लाल माती चाळून घेतो. मग तिच्यात ताक, तेल. लिंबं पिळतो. कडुलिंबाचा पाला, कुटलेला कापूर. आणि मग हळद. ही एवढी हळद. मी स्वतः घातली, या हातांनी...

आणि हात वर केलेले तसेच राहिले.

खरं सांगतो, तोवर एकदाही डोक्यात आलं नव्हतं. आपण चहाला दूध-साखर घातलेलं पाणी म्हणतो का? चहाच म्हणतो. तशी आमच्याकडं ती मातीच.

हेल्गाबाई हसल्या नाहीत. सभागृहात फक्त त्याच हसत नव्हत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "माती सोडून बाकी सगळं घालून बघितलं होतंत?"

"नाही."

"उद्या बघू. मी येते."

दुसऱ्या दिवशी गावातल्या भारतीय दुकानातून हळद, कापूर, लिंबं, मिळालं ते सगळं मीच आणलं. बाई माझ्या शेजारी उभ्या राहून भोकं पाडत होत्या. मातीचा कणही नव्हता, आणि पुढच्या सकाळी वर्तुळ तेच, बांगडीएवढं. मला वाटलं आता सामान बांधायला सांगतील. तर म्हणाल्या, "मोजमाप तुमचं चोख आहे. फक्त तुम्ही स्वयंपाकघर मोजलंत." आणि उरलेले दिवस रोज माझ्याजवळ बसून त्यांनी मला संशय घ्यायला शिकवलं, तोही आधी स्वतःचा. मी आज जे काही संशोधन करतो, ते त्या दिवसांवर उभं आहे.

ती जागा ग्रेसला मिळाली. तिची बारीक वर्तुळं खरी होती. मी तिचं अभिनंदन केलं, तर ती म्हणाली, निराश होऊ नकोस.

मॅडमना फोन लावला. त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. परदेशातला फोन, एका मिनिटाला किती पैसे पडतात, माझा जीव वरखाली. मग म्हणाल्या, "सुहास, हळदीचा डबा माझ्या घरीपण होता रे. एवढ्या लांब कशाला गेलास?" पुढच्या वाक्यात, आल्यावर पन्हाळ्याला जायचंय, मी बरोबर येणार आहे. आणि आल्या. चार लोकांत त्यांनी हा विषय कधी काढला नाही. तो मीच काढत असतो.

काही वर्षांनी हैदराबादला एक आंतरराष्ट्रीय परिषद होती. चहाच्या वेळी व्हिएतनामची एक तरुण संशोधक भेटली. तीही हेल्गाबाईंकडं शिकून आलेली. मी कोल्हापूरचा म्हटल्यावर तिनं कप खाली ठेवला.

"कोल्हापूर हे गाव आहे?"

म्हटलं, मग तुम्हाला काय वाटलं?

ती म्हणाली, त्यांच्या लॅबमध्ये कुणीही आनंदानं उड्या मारत आलं की बाई पहिल्यांदा विचारतात, कोल्हापूर लावलं का? सगळं घालायचं, फक्त ज्याच्याबद्दल दावा करतोय तेवढं सोडायचं, त्या प्लेटला तिथं कोल्हापूर म्हणतात. ते लावल्याशिवाय कुणाच्या शोधाकडं त्या ढुंकून बघत नाहीत.

मग तिनं अगदी निरागसपणे विचारलं, "पण त्या प्लेटला तुमच्या गावाचं नाव का दिलं असेल?"

म्हटलं, "गावाचा काही दोष नाही हो. त्यांना माझं आडनाव उच्चारता येत नव्हतं."