सव्वाशे सोपानराव

सोपानराव कुणाशीही बोलायला लागले की तिसऱ्या वाक्याला आगगाडी यायची. पिंपरीच्या आमच्या कारखान्यात आम्ही दोघं डिझेल इंजिनं तपासायच्या खात्यात होतो. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कंपनीनं त्यांना शिकायला इंग्लंडला धाडलं. त्यांच्या भोसरी गावची अख्खी भावकी हार घेऊन निरोपाला आली होती. परत आले ते एकच गोष्ट घेऊन.

"दोन्ही टोकांला एकेक इंजिन. डिझेलवर वीज तयार व्हती, अन् त्या विजेवर चाकं पळत्यात. वर तार न्हाई, काय न्हाई. तासाला सव्वाशे मैल."

"तुम्ही विमानात बसला असाल," कुणीतरी म्हणायचं.

"इमानात बी बसलो. तितून नुसतं ढग दिसत्यात. गाडीतनं गाया दिसत व्हत्या. फकस्त गाय कुठं संपली अन् कुंपण कुठं लागलं, ते कळत नव्हतं."

त्यांचं नावच 'सव्वाशे' पडलं. एकदा कंपनीत एक इंग्रज साहेब आला, तेव्हा आम्ही मुद्दाम त्याला या गाडीबद्दल विचारलं. तो म्हणाला, "मी कधी बसलो नाही, मी मोटारीनं फिरतो." आम्ही सोपानरावांकडे पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, "त्यो बसला न्हाई म्हून गाडी थांबती व्हय?"

पुढं त्यांच्या कुसुमला बघायला चाकणहून पाहुणे आले. मुलाचे वडील तात्या, कांद्याचे व्यापारी. मलाही बोलावलं होतं. वहिनींनी सोपानरावांना आधीच बजावलं होतं, "आज गाडी काढायची न्हाई." पोहे संपेपर्यंत त्यांनी कळ काढली. पण तात्यांनीच विचारलं, "विलायतेला गेला व्हता म्हणं. काय पायलंत?"

मग काय, गाडी सुटली. तात्यांच्या कपाळावर आठ्या आल्या. "पावणं, सोयरीक खऱ्यावर उभी ऱ्हाती. सव्वाशे लईच झालं. साठ धरू."

दाराआडून वहिनी 'हो म्हणा' अशा खुणा करत होत्या. सोपानरावांनी लेकीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला.

"शंभर असंल," ते हळूच म्हणाले. हा आकडा मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकला.

कपबश्या गोळा करणारी कुसुम थांबली. "आप्पा, सव्वाशे होती ना? मग शंभर कशाला सांगता?"

वहिनींनी डोक्याला हात लावला. तात्यांनी पोरीकडे नीट पाहिलं आणि पोट हलवत हसायला लागले. "सारा जलम बाजारात गेला, पर भाव पडू न देणारी अशी पोर न्हाई पायली. पसंत हाय. पोर बी, गाडी बी."

वैशाखात लग्न लागलं. पाठवणीच्या वेळी फुलांनी सजवलेली जीप दारात उभी होती. सकाळपासून सोपानरावांनी एकदाही आगगाडीचा विषय काढला नव्हता. जीप सुरू झाली, तसे ते तिच्या दारावर हात ठेवून चार पावलं बरोबर चालले आणि ड्रायव्हरकडे वाकून म्हणाले, "दमानं ने, बाबा. घाई न्हाई."