अंड्याला लावलेली कणीक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या मुलीला शेळी आणि मुंगसाच्या दोस्तीची जी गोष्ट मी रोज सांगतो, त्यातलं मुंगूस मीच मारलं आहे.

ती जन्मायच्या चार वर्षं आधीचं हे. पाचोऱ्याजवळच्या आमच्या गावच्या घरी एक शेळी होती. घरामागे कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा ढीग, त्यात मुंगूस राहायचं. दुपारी शेळी बसली की ते यायचं आणि तिच्या कानातल्या गोचिड्या वेचून खायचं. शेळी कान खाली सोडून डोळे मिटायची.

कोंबडीची अंडी नाहीशी व्हायला लागली आणि मी चिडलो. आई म्हणाली, “हात नको लावू रे त्याले. त्याले देखं का दिन चांगला जास.”

ती बाजाराला गेल्यावर मी एका अंड्याला भोक पाडलं, उंदराचं औषध भरलं, कणकेने बुजवलं आणि ढिगाशी ठेवलं. ती परतायच्या आत मुंगूस तिथेच पुरून मोकळा झालो.

“गेलं असेल पारोळ्याकडे, सोयऱ्यांकडे,” मी म्हणालो. आई हसली. पण रोज सकाळी ढिगाकडे बघत उभी राहायची. शेळी तर बरोबर पुरल्या जागीच कान टेकून बसायची. गोचिड्यांनी कान काळा पडला, तरी मला हात लावू देईना.

पुढे शेळी गेली, आईही गेली. तिला खरं सांगितलं नाहीच. आम्ही पिंप्राळ्यात आलो, मुलगी झाली. तिच्या गोष्टीतलं मुंगूस मावशीकडे पारोळ्याला गेलंय, परत येणार आहे.

गेल्या रविवारी ती ओट्यावर शेजारच्या पोरींना तीच गोष्ट सांगत होती. मी आत दाढी करत होतो.

“मग त्याला अंडं सापडलं. अंड्याला कणीक लावलेली होती.”

“अंड्याला कणीक? काही पण फेकते!”

“होतीच लावलेली.”

मी तोंडाला फेस तसाच ठेवून बाहेर आलो. “हे तुला कोणी सांगितलं?”

“तुम्हीच ना, पप्पा.”

मी नव्हतं सांगितलं. झोपेत बोललो असेन, तर माहीत नाही.

“पप्पा, ते कधी येणार?” असं म्हणत तिने ओट्याच्या फरशीवर कान टेकला आणि डोळे मिटले. अगदी तसेच.

“येईल,” मी म्हणालो.

तिला मी गोष्टीचा खरा शेवट देणं लागतो.