न्हाणीचा झरोका

आमच्या घरात बोलण्याआधी हात उठतो. याचा मला अभिमान नाही, पण लाजही नाही. आई मला मारायची, मी धाकट्या बहिणीला मारायची, आणि धाकटीला मारायला कुणी उरलं नाही म्हणून ती भांडी आपटायची. रिसोडच्या आमच्या गल्लीत दोन दिवस आमच्या घरून आवाज आला नाही, तर शेजारीण येऊन विचारते, तब्येत बरी हाय ना वो?

वडील गेल्यावर न्हाणीत गॅसचा गिझर मी बसवून घेतला. सिलिंडर बाहेर अंगणात, नळी भिंतीतून आत. दरवर्षी दिवाळीच्या आधी मी मेकॅनिकला बोलावते. तो बर्नर काढून ब्रशनं काजळी झाडतो, नळीला साबणाचा फेस लावून कुठं बुडबुडा येतो का बघतो, आणि ज्योत निळी झाल्याशिवाय हलत नाही. जाताना मात्र छताजवळच्या झरोक्याकडे बोट दाखवतो. हा बुजवू नका. गिझर खोलीतली हवा खातो, हवा कमी पडली की ज्योत पिवळी होते आणि विष सोडते, आणि त्या विषाला वास नसतो. आई हे दरवर्षी ऐकते आणि दरवर्षी चहाची कपबशी जोरात ठेवते.

त्या वर्षी धाकटी पहिल्या बाळंतपणाला शेलूबाजारहून माहेरी आली. मुलगी झाली. थंडी कडाक्याची होती. आता आमच्याकडे बाळंतिणीला वारं लागू देत नाहीत. कानाला फडकं, खाटेखाली शेगडी, खिडकीच्या फटीत चिंध्या. आईनं पहिल्याच दिवशी स्टूलवर चढून न्हाणीच्या झरोक्यात जुनी गोधडी कोंबली. मी ती ओढून काढली. तिनं पुन्हा कोंबली. मी पुन्हा ओढली, तेव्हा तिनं हातातला पितळी गडवा फेकून मारला. माझी भुवई फुटली. वण अजून आहे.

"काहून काढते वो तू ते?" ती ओरडली. "तुया गेजरले हवा पायजे, अन् मायी पोरगी गारठून मेली तरी चालते?"

"हवा नाई भेटली तर तिघी मरसान आतमंदी," मी म्हटलं. माझ्या डोळ्यात रक्त उतरत होतं, आणि खरं सांगते, त्या क्षणी आईचा गळा धरावा असं वाटलं. मी धरला नाही, गोधडी फाडली. दोन्ही हातांनी, दातांनी, चिंध्या होईस्तोवर. धाकटी खाटेवरून बघत होती आणि बाळ रडत होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी कापडाच्या दुकानात कामाला जाताना सिलिंडरचं रेग्युलेटर काढून पर्समध्ये टाकू लागले. आई चुलीवर पाणी तापवायची आणि धुरात डोळे पुसत मला शिव्या घालायची. घालू दे म्हटलं. शिव्यांनी कुणी मरत नाही.

बारशाच्या दिवशी धाकटीच्या सासरची माणसं दुपारी यायची होती. मी पेढे घेऊन दुकानातून लवकर निघाले. रेग्युलेटर पर्समध्येच होतं, म्हणून निर्धास्त होते. फाटक उघडलं आणि सिलिंडरवर दुसरं रेग्युलेटर दिसलं. आईनं शेजारणीकडून मागून आणलं होतं.

न्हाणीत पाणी पडण्याचा आवाज येत होता. बाळाचा येत नव्हता. ही पोर आंघोळीला असं बोंबलायची की गल्लीच्या टोकाला कळायचं. मी पत्र्याच्या दाराच्या फटीतून पाहिलं. ज्योत पिवळी होती.

आधी सिलिंडर बंद केलं. मग कोपऱ्यातली पहार उचलली आणि दारावर घातली. पत्रा वाकला, कडी तुटेना. मी किंचाळत घाव घालत होते, एकेक शिवी एकेका घावाला, दाराला नाही, आईला. कडी तुटली तेव्हा पत्र्यानं माझा दंड चिरला.

आई पाटावर पाय पसरून बसली होती, डोकं भिंतीला टेकलेलं. बाळ तिच्या नडग्यांवर पालथं. धाकटी नळाखाली कोसळलेली. वर झरोक्यात आईचं चांगलं लुगडं, बारशाला नेसायला काढलेलं, कोंबलेलं होतं.

मी बाळ उचललं आणि अंगणात धावले. तळपायावर चापटी मारली, पाठीवर मारली. इतक्याशा पाठीवर माझी बोटं उमटली. पोर रडली. शेजारीण आलीच होती, तिच्या हातात कोंबली. मग धाकटीला केसांना धरून ओढलं, कारण ओल्या अंगावर हात ठरेना. उघड्यावर तिच्या थोबाडीत दिल्या, ती ओकली, जिवंत होती. मग आई. तिला पायांना धरून ओढताना तिचं डोकं उंबऱ्यावर दोनदा आपटलं. दोन्ही वेळा मला ऐकू आलं आणि मी थांबले नाही.

तिघी वाचल्या. वाशीमच्या दवाखान्यात नाकाला नळ्या लावून पडल्या होत्या, आणि मी दाराशी उभी राहून नर्सवरही खेकसत होते. भीती वाटली की मला दुसरं काही येत नाही.

आई घरी आली ती डोक्याला पट्टी बांधून. चहा घेतला नाही. सरळ न्हाणीत गेली, पहार उचलली, स्टूलवर चढली आणि झरोक्याच्या कडेच्या विटा फोडायला लागली. विटा पडत होत्या, धूळ तिच्या पट्टीवर बसत होती. मी स्टूल धरून उभी राहिले. तिच्या हाताला फोड आले, फुटले, पहारीला रक्त लागलं.

"तुनं मले आखरीले काढलं न वो?" तिनं खाली न बघता विचारलं.

"हो."

"बराबर केलं," ती म्हणाली. पुन्हा एक घाव घातला. मग पहार माझ्याकडे दिली आणि म्हणाली, "माया हात दुखून राह्यला. आता तू मार."