सहा नंबरचा पंप

"तुम्हाला रेस्पिरेटरी डिप्रेशन झालं होतं," डॉक्टर म्हणाले. म्हणजे श्वास मंदावत जवळजवळ थांबला होता. कशामुळे, ते त्यांनी सांगितलं नाही.

मी कसबा पेठेत शिवणकाम करते. पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन नीट झालं. नंतर वेदनाशामक औषध सहा नंबरच्या इन्फ्युजन पंपाने सुरू केलं. हे यंत्र ठरलेल्या वेगाने शिरेत औषध सोडतं. दिवसभराचं औषध माझ्या अंगात तासाभरात गेलं. शैला सिस्टरांनी माझे निळे पडलेले ओठ पाहिले, नळी बंद केली, ऑक्सिजन लावला. म्हणून आज हे सांगते आहे.

चौथ्या दिवशी कळलं, ठपक्याचा मेमो शैला सिस्टरांनाच मिळाला. कारण काय, तर वेग चुकीचा लावला.

"अहो, आकडा बरोबर होता," ड्रेसिंग करताना त्या हळूच म्हणाल्या. "पंप दाखवतो एक, सोडतो भलतंच. दोनदा बिघाडाच्या वहीत लिहिलंय मी."

"मग दुरुस्तीला गेला ना?"

"वही वाचतंय कोण?" म्हणत त्यांनी पट्टी चिकटवली.

संध्याकाळी चालायला निघाले तर शेजारच्या वॉर्डात तोच पंप. पुसून, चकचकीत करून एका आजोबांना लावलेला. वरचं सहा नंबरचं स्टिकर काढायचीही तसदी कुणी घेतली नव्हती. मला शिसारी आली. पंप काढेपर्यंत मी तिथून हलले नाही.

व्यवस्थापक आले. "मॅडम, तुम्ही बऱ्या झालात ना? मग कशाला वाढवताय?"

"बरी झाले म्हणूनच वाढवतेय. मेले असते तर तुमची सोयच होती."

सदोष उपकरणाची तक्रार रुग्णालाही सरकारकडे करता येते, हे मला शैला सिस्टरांनी सांगितलं. मला सुट्टी मिळाल्यावर माझ्या घरी बसून मी माझा फॉर्म भरला, त्यांनी त्यांचा. सहीपाशी त्यांचा हात थांबला.

"नोकरी जाईल हो माझी."

मी पाणी दिलं. ते पिऊन त्यांनी सही केली.

बरेच महिने गेले. मग तपासणी झाली, दोष सापडला, तसले सगळे पंप तिथून हलले. मेमो एका ओळीत मागे घेतला. माफीचा शब्द नाही. माझी किळस अजून गेलेली नाही.

तुमच्या माणसाला यंत्र लावलं, तर ते शेवटचं कधी तपासलं ते विचारा. तोंडं वाकडी होतील. होऊ द्यात.

शैला सिस्टर अजून तिथेच आहेत. नवा पेशंट आला की नातेवाइकांना यंत्रासमोर उभं करतात, औषध खरंच किती गेलं हे कुठे बघायचं ते दाखवतात. लोकांना घाबरवू नका, असं व्यवस्थापक सांगतात. त्या ऐकत नाहीत.