नदीमची उचललेली गाडी

बायकोला नाही, भावाला नाही, दोन पेग पोटात गेल्यावरसुद्धा नाही — ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. आता सांगायला बसलोय तर आधी गॅरेजच आठवतंय. बघा, अजूनही वळसे घेतोय.

तळोज्याच्या रस्त्याला माझं गॅरेज आहे. काम पिकअप उचलायचं, म्हणजे उंच करायचं. माल भरला की पिकअप मागून बसते, म्हणून मागे स्प्रिंगचे जादा पाटे घालायचे, पुढचं नाक आवळून वर आणायचं आणि गाडी लेव्हलला करायची. काम झालं की आमच्याकडे एक पद्धत आहे. पुढून मागे दोरी ताणून धरायची, गाडी दोरीला सरळ लागली की बाजूने फोटो काढायचा, मग नारळ. तो फोटो स्टेटसला टाकला की दुपारपर्यंत फोन सुरू. मला त्याचा भारी माज होता.

नदीम माझा शाळेपासूनचा दोस्त, शिरवण्याला एका बाकावर बसायचो. पुढे तो कामोठ्याला राहायला गेला, पिकअप घेतली, लाद्यांच्या फेऱ्या मारू लागला. गाडी माझ्याकडेच उचलली. दोरीचं एक टोक त्याच्या अब्बांनी धरलं होतं. म्हातारा इतका खूश, की फोटोत दोरीपेक्षा त्यांचे दातच जास्त दिसत होते.

आता ऐका. पिकअपच्या मागच्या ॲक्सलला एक बारीक दांडी असते. माल भरून गाडी खाली बसली की ती दांडी सरकते आणि मागच्या ब्रेकला पूर्ण जोर मिळतो. गाडी उचलली की दांडीची फसगत होते — गाडी भरलेली असली तरी ती रिकामीच समजते. म्हणून उचलल्यावर दांडी नव्याने बसवावी लागते. पाच मिनिटांचं काम. ते मी फोटोनंतर करणार होतो. मग नारळ फुटला, पेढे आले, नदीम हॉर्न वाजवत निघून गेला. आणि मी? मी फोटोला किती लाइक आले ते बघत बसलो.

त्याच आठवड्यात, भल्या पहाटे, लाद्या भरलेली ती गाडी पुलाच्या उतारावरून येऊन उभ्या ट्रेलरला मागून धडकली. अब्बा डाव्या बाजूला बसले होते. जागच्या जागी गेले.

हॉस्पिटलात नदीमने माझा हात घट्ट धरला. म्हणाला, "ब्रेक दाबला रे मी. पूर्न दाबला. गाडी थांबलीच नाय."

माझ्या डोळ्यांसमोर दांडी आली. खाटेचा दांडा धरून उभा राहिलो. आणि त्याच क्षणी — अजून माझा विश्वास बसत नाही — माझं तोंड आपोआप बोललं, "नदीम, तुला डुलकी लागली असणार. ब्रेक मी स्वतः चेक केलेत."

कुठून आलं ते? एवढं सफाईदार? विचार करायला वेळसुद्धा लागला नाही मला.

चेपलेली गाडी ओढून माझ्याच गॅरेजात आणली होती. आरटीओचा इन्स्पेक्टर तपासायला यायच्या आधी मी खाली शिरलो, पाना लावला आणि दांडी बरोबर जागी बसवली. पाच मिनिटंच लागली. जादा पाट्यांवरून इन्स्पेक्टरने मला झापलं, ब्रेक मात्र ठीक असल्याचं लिहून गेला. केस नदीमवर झाली. त्याच्या अम्मीने तर वर्षभर त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

सगळ्यात भयंकर काय, सांगू? नदीमने माझ्यावर विश्वास ठेवला. आधी म्हणायचा, ब्रेक दाबला होता. मग म्हणू लागला, दाबला असं वाटतंय. आता म्हणतो, झोपलो होतो. स्वतःच्या पायाला जे कळलं होतं ते त्याने माझ्या शब्दावर खोडून टाकलं. गाडी विकली. एका सोसायटीत वॉचमन आहे, रात्रपाळी मागून घेतो. "झोपेची भीती वाटते," म्हणतो.

गेल्या महिन्यात त्याची मुलगी कॉलेजला स्कूटर मागत होती. मी तिथेच होतो. नदीम तिला म्हणाला, "नाय. आपल्या रक्तातच झोप हाय. आपन कोनाचा तरी जीव घेऊ." मग माझ्याकडे वळला. "सांग ना हिला, तुला तर सगळं म्हाइत हाय."

पोरगी माझ्याकडे बघत होती. एवढी वर्षं गेल्यावर तरी जीभ अडखळायला हवी होती ना? नाही अडखळली. "तुझा अब्बा बरोबर बोलतोय, बेटा," मी म्हणालो. ती आत गेली. मी चहा संपवला.

पाटे मी घातले होते. दांडी मी विसरलो होतो. नदीम जागा होता.