शनी दिसत नाही अशी तक्रार

डेपोत त्याला सगळे ‘आरसा’ म्हणत. बस हलवण्यापूर्वी तो तिन्ही आरसे खिशातल्या फडक्याने पुसायचा, मग एकेकात निरखून पाहायचा. तोवर मागचे ड्रायव्हर हॉर्न वाजवून त्याच्या घराण्याचा उद्धार करत. या सवयीमुळे त्याच्या गाडीने कधी कुणाला खरचटलंही नाही. त्याबद्दल डेपोने त्याचा सत्कार केला. एरवी भिंतीवरचं घड्याळ देत. ती संपली होती, म्हणून छोटी दुर्बीण दिली.

पहिल्या संध्याकाळी गच्चीवरून चंद्र मधोमध पुसट दिसला. काचेवर धूळ असणार म्हणून त्याने फडकं काढलं. काच स्वच्छ झाली, चंद्र नाही. शनीने तर थट्टाच मांडली. दुर्बिणीत तो कडेला असेपर्यंत असायचा. मधोमध आणून नजर रोखली की गडप. उलट सोबतच्या पुस्तिकेने ‘नवशिक्यांनी निराश होऊ नये’ असं बजावून शेवटी ठेवलेली देवयानी दीर्घिका त्याला चटकन सापडली. अंधुक गोष्टींकडे थेट न बघता जरा बाजूला बघावं, असं पुस्तिकेत होतं. त्याने तसं केलं आणि काचेवर ओलं बोट टेकवल्यासारखा फिकट डाग उमटला. त्याने निष्कर्ष काढला, की दुर्बीण सदोष आहे आणि फुकटची असल्यामुळे बोलायची सोय नाही.

सुट्टीच्या दिवशी मेहुणा जेवायला आला. “शनी लोकांच्या मागे लागतो, भाऊजी. तुम्हीच त्याच्या मागे लागलाय,” म्हणत त्याने डोळा लावला. मग म्हणाला, कडं आहे की, चांगलं टोपीच्या काठासारखं. अजून जेवायचा असल्यामुळे मेहुणा गोड बोलतोय, असं आरशाला वाटलं. पण हात पुसत वर आलेल्या बायकोलाही कडं दिसलं. मग तिने नवऱ्याला वाकताना पाहिलं. डावा डोळा तळहाताखाली, उजवा दुर्बिणीला.

“अहो, दुसरा लावा बरं.”

लावला. शनी होता, कड्यासकट. उजवा लावला. गेला. त्याने हे पुनःपुन्हा केलं, ब्रेक तपासावा तसं. धक्का लागत असेल, असं मेहुणा पुटपुटला.

“दोन्ही उघडे असले की सगळं दिसतं,” आरसा म्हणाला.

“उद्या शाळेची फेरी तुमच्याकडेच आहे ना?” तिने एवढंच विचारलं.

“होती,” तो म्हणाला.

सकाळी त्याने नेहमीसारखे तिन्ही आरसे पुसले आणि किल्ली सुपरवायझरच्या टेबलावर ठेवली. चहा ढवळत सुपरवायझरने विचारलं, दुर्बीण चालते ना?

“दुर्बीण चालते,” तो म्हणाला. “डोळा चालत नाही.”

डॉक्टरांनी डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाच्या आजाराचं लांबलचक नाव सांगितलं. औषधाचं सांगितलं नाही. डावाही त्याच वाटेने जाईल, हे मात्र सांगितलं.

आता तो डेपोतच, हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत, लोकांच्या छत्र्या सांभाळत बसतो. आरसे कुणी पुसत नाही; गाड्या वेळेवर सुटतात. मेहुणा अजून येतो, गच्चीवर देवयानी शोधतो आणि काहीच नाही म्हणून वैतागतो. सरळ रोखून बघायची त्याची खोड जात नाही. आरशाच्या उजव्या डोळ्याला तो मोह आता उरलेला नाही.