विद्यापीठाची उलटी परीक्षा

आमच्या कर्जतला विद्यापीठ होतं म्हटलं की आजची पोरं हसतात. हसा बापडे! भाताच्या गिरणीची रिकामी पडलेली वखार, आत बांबूचे तट्टे लावून पाडलेले वर्ग आणि बाहेर ही मोठी पाटी. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आलेल्या एका गृहस्थांनी ते काढलं होतं. आम्ही त्यांना गुरुजी म्हणायचो. सरकारदरबारी तिथल्या पदवीला कवडीची किंमत नव्हती, पण शिकायला काय नव्हतं? सूतकताई, मधमाश्या पाळणं, प्रथमोपचार, हिंदी. मी भूगोल घेतला, कारण आमच्या गावावरून जाणारी आगगाडी पुढं कुठं कुठं जाते, हे कोडं मला लहानपणापासून छळत होतं.

परीक्षा मात्र जगावेगळी. आपण शिकलेलं गावातल्या कुणातरी एकाला शिकवायचं, आणि त्यानं भरसभेत आपल्याला असा प्रश्न विचारायचा की आपली बोलती बंद व्हावी. निरुत्तर झालात तर पास! गुरुजी म्हणत, "समोरच्याला प्रश्न पडायला लागले, की समजायचं तुम्ही शिकवलंत."

मी आईला शिकवलं. पास झाले तर विद्यापीठाच्याच, शेजारच्या चौक गावातल्या शाळेत मास्तरीण होणार होते. नापास झाले तर लग्न. बाबांनी स्थळ बघूनच ठेवलं होतं.

घरी आई नुसती भंडावून सोडायची. भाकऱ्या थापता थापता विचारायची, "ढग कशाच्या आधारावर ऱ्हातात गं? दर्याचं पाणी खारट, मंग पाऊस का नाय खारट?" मला निम्म्याची उत्तरं येत नसत. मी मनात म्हणायचे, चला, आपलं गंगेत घोडं न्हालं!

परीक्षेला अर्धं गाव वखारीत लोटलं. बाबा पुढंच बसले होते. "विचारा बाई," गुरुजी म्हणाले.

आईनं पदर सावरला. "पूर्व कुठं हाय?"

मी दाखवली.

"भात कवा लावत्यात?"

लोक खो खो हसले. मला असा संताप आला! तिला बाजूला ओढून म्हटलं, "अगं, घरी विचारतेस तसलं विचार ना!"

"येडी का खुळी तू? चारचौघांत माझ्याच लेकीला तोंडघशी पाडू? मला नाय जमायचं."

"आई, मला उत्तर आलं तर मी नापास! मग मला देऊन टाकतील गं."

तेवढ्यात बाबा उठलेच. "झालं ना? आता पुढल्या महिन्यात बार उडवून टाकू."

आई त्यांच्याकडं बघत राहिली. मग माझ्याकडं वळली.

"तू सांगितलंस, पृथ्वी गोल हाय. माणूस सरळ चालत ऱ्हायला तर निघाला तिथंच परत येतो."

"हो."

"माझं माहेर घाटावर. परकर नेसत होते तवा मला इथं आणली. तवापासून चालतेच हाय मी. इहिरीवर, शेतावर, रानात. मंग मी अजून घरी का गं नाय पोचले?"

उभे असलेले बाबा खाली बसले. पास-नापास पार डोक्यातून गेलं होतं. मी खरंच उत्तर शोधत होते. काही सुचेना, तेव्हा तिच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले.

"पास," गुरुजी म्हणाले.

आई त्यांच्यावरच उखडली. "पास ऱ्हाऊ द्या तिकडं! मला उत्तर कोण देनार?"